बाबांची फियाट माझ्या नावावर होईपर्यंत

भंगारवाल्याने गाडीभोवती दोन चकरा मारल्या, टायरला पायाने ढोसून बघितलं आणि म्हणाला २२ हजार, उद्या उचलून नेतो. नोव्हेंबर २०२२ ची गोष्ट. नाशिकला गंगापूर रोडचं आमचं जुनं घर डेव्हलपमेंटला चाललं होतं, सामान हलवायचं होतं आणि अंगणात ताडपत्रीखाली ही उभी. मी जवळजवळ हो म्हणणारच होतो, पण आई दारातून म्हणाली, "भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी दहा मिनिटं घालतोस, आणि हिला एका मिनिटात?" झालं. भंगारवाला चहा पिऊन गेला आणि पुढचे नऊ महिने माझे कामाला लागले.

हे सगळं लिहितोय कारण जुनी गाडी पुन्हा रस्त्यावर आणून नावावर कशी करायची याची माहिती तेव्हा मला कुठेच एका जागी मिळाली नव्हती. कुणी म्हणे पंधरा वर्षांवरची गाडी रस्त्यावर काढायचीच नाही, जप्त होते. हे चूक आहे. ते पेट्रोल गाड्यांना पंधरा आणि डिझेलला दहा वर्षांचं प्रकरण दिल्ली आणि आजूबाजूच्या भागाचं. आपल्याकडे नोंदणी पाच-पाच वर्षांसाठी वाढवून मिळते, गाडी धड असली तर.

गाडी म्हणजे १९७१ ची फियाट ११०० डी, कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यातली. लोक बघितल्यावर पद्मिनी म्हणतात, पण पद्मिनी हे नाव नंतरचं. आणि डुक्कर फियाट ती ही नव्हे, ती याच्या आधीची, गोलमटोल. इंजिन १०८९ सीसी, गिअर स्टेअरिंगला, चारही चाकांना ड्रम ब्रेक. बाबा ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात होते, १९८४ मध्ये त्यांनी देवळालीच्या एका पारशी गृहस्थाकडून घेतली. २०१६ ला त्यांनी नोंदणी वाढवून आणली होती, ती डिसेंबर २०२१ ला संपली. तेव्हा बाबा आजारी, गाडीचं कोणाला सुचतंय. फेब्रुवारी २०२२ मध्ये बाबा गेले. आणि एप्रिल २०२२ पासून जुन्या कारच्या नूतनीकरणाची फी ६०० वरून ५,००० झाली. म्हणजे चार महिने आधी सुचलं असतं तर... जाऊ दे.

४ डिसेंबरला, रविवारी, जुने मेकॅनिक चाचा आले. वडाळा नाक्याकडे त्यांचं गॅरेज आहे, आता मुलगा बघतो, त्याच्याकडे सगळ्या स्विफ्ट आणि अल्टो. चाचांचं वय सत्तरच्या पुढे, मुलाच्या अॅक्टिव्हावर मागे बसून आले. मी हौसेने नवी बॅटरी आणून ठेवली होती, म्हटलं लावून सेल मारून बघू. चाचांनी माझा हातच धरला. "भाऊ, चार साल सोया हुआ आदमी, एकदम दौडाओगे क्या?"

हे सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. उभ्या गाडीत पिस्टनच्या रिंगा लायनरला, म्हणजे सिलेंडरच्या आतल्या भिंतीला, गंजून चिकटलेल्या असतात. तसाच सेल मारला तर रिंग तुटते, लायनरवर चरे पडतात आणि मग खर्च कुठल्या कुठे जातो. चाचांनी चारही प्लग काढले, प्रत्येक भोकात थोडं डिझेल आणि इंजिन ऑईल मिक्स करून ओतलं, फडकी कोंबली आणि निघून गेले. तीन दिवसांनी परत तेच. सहाव्या दिवशी मागचं एक चाक जॅकवर उचललं, गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकली आणि मला म्हणाले आता चाक हाताने फिरव. मी टायरला मिठी मारल्यासारखा धरून जोर लावला, काही नाही. पुन्हा लावला. मग आतून एक बारीकसा कट्ट आवाज आला आणि चाक बोटभर सरकलं, आणि त्याबरोबर बॉनेटखाली फॅन पण बोटभर सरकला. तो फॅन हलताना बघून मला काय वाटलं ते लिहायला गेलो तर नाटकी होईल. चाचा मात्र बिडी पेटवायला बाहेर गेले.

बाकी अवस्था अशी: टाकीतल्या पेट्रोलला व्हार्निशसारखा वास, काढलं तर चहाच्या रंगाचं निघालं. एअर फिल्टरमध्ये उंदराचं घर, सीटमधला काथ्या आणि कुठल्या तरी दिवाळी अंकाच्या चिंध्या. वायरिंग अर्धं कुरतडलेलं. चारही चाकांचे ब्रेकचे व्हील सिलेंडर जाम. रेडिएटरमधून पाणी आलं ते विटकरी.

सुटे भाग नाशिकमध्ये थोडे मिळाले, म्हणजे प्लग, फॅन बेल्ट, होज वगैरे. बाकीसाठी २० जानेवारीला मुंबई. सकाळची पंचवटी पकडली, दादरला उतरून लोकलने चर्नी रोड, तिथून चालत ऑपेरा हाऊसचा स्पेअर पार्टचा बाजार. टिप एकच, जुना भाग काढून पिशवीत घालून सोबत न्या. नाव सांगून उपयोग नाही, "फियाटका व्हील सिलेंडर" म्हटलं की दुकानदार विचारतो पुढचा का मागचा, कुठल्या सालचा, आणि आपण गप्प. मी सगळं घेऊन गेलो होतो, तेलकट पिशवीमुळे पंचवटीत शेजारचा माणूस दोन सीट लांब जाऊन बसला तो भाग वेगळा. कार्बोरेटर किट, सीबी पॉइंट (प्लगला ठिणगी पाडायची वेळ सांभाळतो तो), कंडेन्सर, एसी पंपाचा पडदा, ब्रेकचे वॉशर किट सगळं मिळालं. एसी पंप म्हणजे एअर कंडिशनरशी काही संबंध नाही, पेट्रोल खेचणाऱ्या पंपाला जुने मेकॅनिक असंच म्हणतात, मी दोन दिवस गोंधळलो होतो.

१९ फेब्रुवारीला संध्याकाळी गाडी चालू झाली. चाचांनी पॉइंटचं अंतर व्हिजिटिंग कार्ड घालून लावलं. फट मोजायचं फीलर गेज मी विकत आणलं होतं, ते म्हणाले ठेव शोकेसमध्ये. नंतर मी चोरून गेजने मोजलं तर बरोबर निघालं. पहिल्यांदा सायलेन्सरमधून एवढा धूर आला की शेजारच्या काकू वरून ओरडल्या, आग लागली का म्हणून. ते ओतलेलं ऑईल जळत होतं, दहा मिनिटांत धूर गेला.

यांत्रिक खर्च साधारण ७४ हजार झाला, पाच टायर, बॅटरी, वायरिंग आणि चाचांची मजुरी धरून. रंग मी केला नाही, अजूनही केलेला नाही. सगळे आधी डेंटिंग-पेंटिंगला पैसे घालतात, गाडी चकचकीत होते आणि ब्रेक लागत नाहीत. आधी ब्रेक, मग टायर, मग कूलिंग, मग वायरिंग. रंग पैसे उरले तर, आणि ते उरत नाहीत.

आता कागदपत्रं. इथे मला खरी भीती होती, आणि इथेच एक निर्णय घ्यायचा होता. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली दुचाकी किंवा चारचाकी, मूळ रूपात असलेली, चॅसी-बॉडी-इंजिनात मोठे फेरफार न केलेली, अशा गाडीला व्हिंटेज म्हणून नोंदणी मिळते. नंबरमध्ये राज्याच्या अक्षरांनंतर व्ही-ए येतं. फी २०,०००, मुदत दहा वर्षं. शिवाय थर्ड पार्टी विम्यात निम्मी सूट. आमची गाडी डिसेंबर २०२१ ला पन्नाशीत आली होती, म्हणजे बसत होती. मित्र म्हणाले घेऊन टाक, भारी दिसेल.

पण नियम नीट वाचला तर त्यात लिहिलंय की अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. रॅली, प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच. मी चाचांना विचारलं तर ते म्हणाले गाडी आठवड्याला पंधरा-वीस किलोमीटर पळालीच पाहिजे, नाहीतर पुन्हा ब्रेक जाम, पुन्हा पेट्रोल सडणार, पुन्हा मला बोलवशील आणि तोवर मी असेन नसेन. आणि मला तरी ती कशाला हवी होती? आईला दर सोमवारी सोमेश्वरला न्यायचं, रविवारी त्र्यंबक रोडला मिसळ खायला जायचं, एवढंच. रॅलीत झेंडे लावून उभी करायची असती तर गोष्ट वेगळी. म्हणून मी साधी नोंदणीच वाढवायची ठरवलं. तुमची गाडी खूप दुर्मिळ असेल, वर्षातून चारदाच निघत असेल, तर व्ही-ए चांगलंच आहे. पण फक्त नंबर प्लेट छान दिसते म्हणून घेऊ नका.

मार्चमध्ये पेठ रोडला आरटीओत पहिली फेरी. कळलं की आमचं आरसी बुक हाताने लिहिलेलं, ऑनलाइन वाहन प्रणालीत गाडीच नाही. जुना एम-पासून सुरू होणारा तीन अक्षरी नंबर असलेल्या बऱ्याच गाड्यांचं हे होतं. म्हणजे आधी बॅकलॉग एंट्री, जुन्या पुस्तकातली नोंद ऑनलाइन चढवून घ्यायची, त्याशिवाय विमा नाही, पीयूसी नाही, काहीच नाही. त्यासाठी अर्ज, मूळ आरसी बुक, जुन्या कराच्या पावत्या आणि चॅसी नंबरची पेन्सिल प्रिंट.

पेन्सिल प्रिंट म्हणजे नंबर कोरलेल्या पत्र्यावर पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल घासायची, लहानपणी नाण्यावर करायचो तसं. बॉनेटखाली नंबर शोधला तर त्यावर रंगाचे किमान तीन थर. रॉकेल लावून ठेवलं, मग अगदी बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने. निळ्याखाली पांढरा निघाला, पांढऱ्याखाली मळकट हिरवा, आणि मग आकडे. गाडी मुळात हिरवी होती हे घरात कुणालाच माहीत नव्हतं, आईला पण नाही. घासताना घाई करू नका आणि ग्राइंडर तर अजिबात लावू नका, आकडा पुसट झाला तर नंबरशी छेडछाड केल्यासारखं दिसतं आणि मग उत्तरं देत बसा.

आणि इथे मी स्वतः घोळ घातला. अर्जात नंबर लिहिताना आरसी बुकमधला १९७१ सालच्या शाईतला इंग्रजी ७ मला १ वाटला. तसाच भरला. प्रिंटशी जुळेना, अर्ज परत आला. चूक माझी, पण दुरुस्तीत पाच आठवडे गेले, नवीन अर्ज, नवीन प्रिंट, सोबत बाबांनी जपून ठेवलेली १९९१ ची विमा पॉलिसी, तिच्यावर टाइप केलेला नंबर स्पष्ट होता. बाबा प्रत्येक कागद ठेवायचे म्हणून आम्ही हसायचो. तर तुम्ही अर्ज भरताना पुस्तकातून नाही, पत्र्यावरून आकडे वाचून भरा, आणि दुसऱ्या कुणाला तरी वाचायला लावा.

बॅकलॉग झाल्यावर विमा. ऑनलाइन सगळीकडे उत्पादनाचं वर्ष निवडायच्या यादीत १९७१ नव्हतंच. दोन कंपन्यांनी फोनवर नाही सांगितलं. शेवटी एका सरकारी विमा कंपनीच्या शाखेत प्रत्यक्ष गेलो, तिथल्या बाईंनी गाडीचे फोटो मागितले, बघितले आणि म्हणाल्या, आमच्या लग्नाच्या वरातीला हीच होती. थर्ड पार्टीच फक्त मिळाला. १००० ते १५०० सीसीचा दर ३,४१६ अधिक जीएसटी, वर मालकाचा अपघात विमा वेगळा.

पीयूसीला पहिल्यांदा नापास. एवढ्या जुन्या पेट्रोल कारला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे, आमची पावणेपाच. चाचांनी एअर फिल्टर बदलला, कार्बोरेटरचा मिक्श्चर स्क्रू कानाने ऐकत ऐकत पाव-पाव फेरा फिरवला, चोक पूर्ण उघडतोय का बघितलं. दुसऱ्यांदा २.१. इंजिन चांगलं गरम करून मगच टेस्टला जा, थंड गाडी हमखास नापास होते.

मग नावावर करणं. मालक वारल्यावर वारसाच्या नावावर करायला नमुना ३१, नोंदणी वाढवायला नमुना २५. मृत्यू दाखला, आई आणि ताईचं ना-हरकत पत्र, तेव्हा १०० च्या स्टॅम्पवर प्रतिज्ञापत्र, पॅन, आधार, विमा, पीयूसी. खरं तर वारसाने मृत्यूनंतर ३० दिवसांत कळवायचं आणि तीन महिन्यांत अर्ज करायचा असतो. त्या दिवसांत हे कुणाला माहीत असतं, पण घरात असं काही घडलं तर कुणा तरी एकाने गाडीच्या कागदांकडे बघावं. आईने सही केली आणि पेन परत देताना विचारलं, म्हणजे आता त्यांचं नाव पुस्तकावरून जाणार? मी म्हटलं आधीचा मालक म्हणून राहील ना. ती बरं म्हणाली. ताई पुण्याला, तिने सही करायला एक अट घातली, दिवाळीत मी चालवणार. मी हो म्हणालो, तेव्हा एवढा विचार केला नव्हता.

१४ जूनला तपासणी. गाडी मी टोइंगवर घालून नेली, १,८०० रुपये गेले, पण नोंदणी संपलेली गाडी चालवत आरटीओत न्यायची आणि वाटेत काही झालं तर विमा कंपनी हात वर करणार. इन्स्पेक्टर साहेबांनी नंबर पडताळला, दिवे, हॉर्न, वायपर, हँडब्रेक बघितला. वायपर सकाळपर्यंत चालत होता, तिथे ऐनवेळी डावा अडकला, मी खिडकीतून हात घालून ढकलला तर सुटला. साहेब हसले, म्हणाले चालू द्या. आजूबाजूला पंधरा-वीस लोक जमले होते, प्रत्येकाच्या मामाकडे किंवा आजोबांकडे हीच होती.

पैसे: नूतनीकरण ५,०००, पर्यावरण कर पाच वर्षांचा ३,०००, उशिराचा दंड महिन्याला ५०० च्या हिशोबाने (पाच आकडी झाला नाही एवढंच समाधान), नाव बदलायची आणि कार्डाची फी वेगळी किरकोळ. एजंट मी शेवटपर्यंत घेतला नाही, अभिमान म्हणून नाही, एकाने सांगितलेला आकडा ऐकून. त्याऐवजी सात फेऱ्या झाल्या, त्यातल्या दोन माझ्याच चुकीमुळे. नोकरीतून सुट्टी मिळत नसेल तर एजंट घेण्यात काही वाईट नाही. आणि आता करणाऱ्यांनी लक्षात घ्या, ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या कारची नूतनीकरणाची फी १०,००० झाली आहे. शिवाय एप्रिल २०१९ आधीच्या सगळ्या गाड्यांना नवी हाय सिक्युरिटी प्लेट, कारला ७४५ अधिक जीएसटी. बाबांनी पेंटरकडून रंगवून घेतलेली प्लेट काढली ती आईने देवघराच्या मागे ठेवलीय.

८ ऑगस्ट २०२३ ला पोस्टमनने आरसी कार्ड आणलं.

चालवण्याबद्दल थोडं. पहिल्या गिअरला सिंक्रो नाही, म्हणजे गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकायचा नाही, स्पीडब्रेकरला दुसऱ्यावरच सांभाळायचं. ब्रेक आजच्या गाड्यांसारखे नाहीत, पुढे जागा सोडा, ती जागा लगेच एखादी रिक्षा घेते, मग पुन्हा सोडा. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं, जुनी रबरी होज त्यात फुगते आणि फुटते, म्हणून पेट्रोलची सगळी रबरं बदलून घेतली. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळे टाकीत महिनोन्‌महिने तेच पेट्रोल ठेवायचं नाही. मी कमी भरतो आणि फिरवतो.

एकदाच रस्त्यात दगा दिला, मे २०२४, दुपारी द्वारकाच्या जॅममध्ये. गाडी आचके देत बंद. मागून हॉर्न. बॅटरी ठीक, टाकीत पेट्रोल आहे, मला काही सुचेना. शेजारच्या रिक्षातून एक म्हातारबाबा उतरले, बॉनेट उघडा म्हणाले, पंपाला हात लावून चटकन मागे घेतला. "पंप तापलाय, पेट्रोलची वाफ झाली. फडकं आहे?" त्यांनी माझा नॅपकिन पाण्याने भिजवून पंपावर गुंडाळला, पाच मिनिटं थांबलो, गाडी चालू. मुंबईला अकरा वर्षं फियाट टॅक्सी चालवली म्हणाले. पैसे विचारले तर हात जोडून रिक्षात बसले. तेव्हापासून डिकीत पाण्याची बाटली आणि जुनं धोतराचं फडकं कायम, सोबत फॅन बेल्ट, एक पॉइंट आणि कंडेन्सर.

दिवाळीतली अट राहिलीच. २०२३ च्या पाडव्याला ताईने गाडी मागितली, मी शेजारी, आई मागे. आसारामबापू पुलापर्यंत छान चालवली. पुढे एका वळणावर वेग कमी झाला आणि मी नको म्हणेपर्यंत तिने चालत्या गाडीत पहिला ओढला. जो आवाज आला तो आईने सुद्धा कानावर हात ठेवून ऐकला. ताई म्हणाली, बाबा असते तर ओरडले असते. मी काही बोललो नाही. पुढच्या आठवड्यात ऑईल बदलायला गेलो तर चाचा गाडी गॅरेजच्या दारात येतानाच उठून उभे राहिले.

"पहिला किसने डाला चलती गाडी में?"

म्हटलं, मीच.